वाल सोलून घेणाऱ्या वकीलबाई

मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा, असं कुणी विचारलं तर आईवडिलांना क्षणभर बाजूला ठेवून मी मुलुंडच्या माझ्या घरमालकीणबाईंचं नाव घेईन. घेईन म्हणालो, पण लिहिणार नाही. 'मला विचारल्याशिवाय माझं नाव कुठल्याही कागदावर घालायचं नाही,' असा त्यांचा साऱ्या जगाला हुकूम आहे, आणि विचारलं तर त्या नाहीच म्हणतील. सोसायटीत त्यांना वकीलबाई म्हणत. मी नुसतं 'बाई' म्हणत असे.

मी हिंगोलीकडचा. तालुक्याच्या शाळेत शिकलेला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मला माल तपासण्याची नोकरी लागली आणि मुलुंडला बाईंच्या घरातली मागची खोली भाड्याने मिळाली. पहिल्याच दिवशी बाईंनी भाडेकरार पुढे केला. मी उभ्याउभ्याच सही केली. मुंबईत डोक्यावर छप्पर देणाऱ्या माणसाचा कागद त्याच्यासमोर वाचत बसणं मला उद्धटपणाचं वाटलं.

"वाचलास?" बाईंनी विचारलं.

"तुमच्यावर विश्वास आहे, बाई."

"माझ्यावर? काल ओळखत होतास का मला? सातवं कलम वाच. मोठ्याने."

सातव्या कलमात लिहिलं होतं की, भाडेकरू दर रविवारी सकाळी गच्चीवर सोसायटीच्या सभासदांसमोर नाच करून दाखवील.

"कुठला करणार?" बाई म्हणाल्या. "लावणी की भांगडा? मला आधी सांग, नोटीस लावावी लागेल."

माझे कान लाल झाले. बाईंनी तो कागद टरकन फाडला आणि दुसरा हातात दिला. "उद्या ये. वाचून ये. आणि निदान एक तरी शंका काढून ये. शंका नसेल तर खोली नाही."

दुसऱ्या दिवशी मी पाणी येण्याच्या वेळेबद्दल शंका काढली. अगदीच किरकोळ होती, पण बाईंना परीक्षेत पहिला आलेला मुलगा भेटल्यासारखा आनंद झाला.

बाई नोकरीच्या कायद्याच्या वकील. वय पासष्टीच्या पुढे, बुटक्या, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम चष्म्याचा. त्यांना ऑफिस नव्हतं. अशील आला की त्याला थेट स्वयंपाकघरात बसवत आणि त्याच्यासमोर एक पातेलं सरकवत. पातेल्यात भिजवून मोड आणलेले कडवे वाल कोमट पाण्यात घातलेले असत. अशिलाने वाल सोलायचे आणि बोलायचं.

"हात मोकळे असले की माणूस गोष्ट रचतो," त्या म्हणत. "हात गुंतले की घडलं तेवढंच सांगतो."

अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीतला मॅनेजर टाय खांद्यावर टाकून वाल सोलताना मी पाहिला आहे. त्याला राजीनामा द्यायला लावलं होतं. "मॅडम, मला असं वाटलं की त्यांना..." एवढं तो बोलला असेल नसेल, बाईंनी थांबवलं. "तुम्हाला जे वाटलं ते बाहेर चपलांपाशी ठेवून या. कोण, कधी, काय म्हणालं, तेवढंच आत आणा." गृहस्थ खरोखरच गोंधळून उठले आणि दारापर्यंत जाऊन आले.

दुपारी बाई झोपत. तेव्हा त्यांचा फोन तांदळाच्या डब्यात असे. डबा कुईंकुईं करू लागला की मी समजायचो, कुणाची तरी नोकरी धोक्यात आहे.

त्यांचा आणखी एक नियम होता: 'सहीआधी चहा, सहीनंतर फी.' सही करण्यापूर्वी कुणी कागद घेऊन आला तर त्याला चहा मिळे, सल्लाही फुकट. सही करून आलेल्याकडून मात्र त्या पुरेपूर फी घेत, आणि वर ऐकवत. "ताप आल्यावर डॉक्टरकडे जाता, ते ठीक. इथे मढं घेऊन येता आणि म्हणता, बाई, जरा नाडी बघा."

मी एकदा विचारलं, "पण बाई, माणसाला कळायचं कसं, कधी यायचं ते?"

"सोपं आहे रे. नोकरी लागताना, बढती मिळताना, आणि साहेब अचानक गोड बोलायला लागला की."

"आणि धंदेवाल्यांनी?"

"पहिला माणूस ठेवताना, पहिला माणूस काढताना, आणि 'आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे राहतात' असं म्हणावंसं वाटलं की. हे वाक्य म्हणणाऱ्याने नेमणूकपत्र दिलेलं नसतं."

बाईंकडे नोकरही येत आणि मालकही. घाटकोपरचा एक युनियनवाला त्यांना नेहमी टोमणा मारी, "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या?" बाई म्हणत, "जो आधी येईल त्याच्या. तू नेहमी उशिरा येतोस."

बोरिवलीच्या एक पार्लरवाल्या बाई मला चांगल्या आठवतात. दोन दुकानं, हाताखाली पंधरा-वीस मुली. त्यातल्या एकीला त्यांना काढून टाकायचं होतं.

"का बरं?" बाईंनी विचारलं.

"कामात लक्षच नाही हो तिचं."

"कधीपासून?"

"झाले की चार महिने."

"आणि ती स्वतः कितव्या महिन्यात आहे?"

पार्लरवाल्या बाईंच्या हातातला वाल निसटला. "चौथ्या," त्या म्हणाल्या.

"काढायच्या आधी विचारायला आलात म्हणून वाचलात. गरोदर म्हणून हाकललं असतंत, तर मीच तिच्या बाजूने उभी राहिले असते आणि तुमच्या दुकानातली आरशांसकट सगळी शोभा काढली असती. आता चहा घ्या. तिला बसून करायचं काम द्या, आणि तिची हक्काची रजा कशी द्यायची ते लिहून घ्या."

पुढे त्या बारशाचे लाडू घेऊन आल्या होत्या.

हे सगळं मी रोज पाहत होतो, ऐकत होतो, आणि तरीही स्वतःवर वेळ आली तेव्हा आंधळा झालो.

नोकरीला लागून चार वर्षं होऊन गेली होती. आमचे शेठ माणूस म्हणून वाईट नव्हते. माझं इंग्रजी मुलाखतीत अडखळलं तेव्हा त्यांनी स्वतः पाण्याचा ग्लास पुढे केला होता. ते मी कधी विसरलो नाही. एके दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. शेजारी सूट घातलेला एक सल्लागार होता. वसाहतीत गाळ्यागाळ्यांतून फिरून तो मालकांना तयार फॉरमॅट विकत असे. त्याने सांगितलं की, आजपासून तुम्ही कामगार नाही, 'कन्सल्टंट'. जुन्या नोकरीचा राजीनामा आणि नवा करार, असे दोन कागद त्याने वाटले. विचार करायला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. माझ्या कागदावर लिहिलं होतं, 'क्वालिटी कन्सल्टंट'.

मी मुलुंड स्टेशनबाहेरून पेढे घेतले आणि घरी आलो.

आई तेव्हा माझ्याकडे आली होती. तिच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. दहा पावलं चालली की तिला भिंत धरावी लागे. माझ्या पगारातून कापल्या जाणाऱ्या कामगार विम्यावर तिचं ऑपरेशन ठरलं होतं. कित्येक महिने खेटे घातल्यावर पुढच्या महिन्याची तारीख मिळाली होती. खाजगी इस्पितळातला खर्च आमच्या दोन पिढ्यांना झेपला नसता.

"पेढा कशाचा रे?" बाईंनी विचारलं.

"बढतीचा. कन्सल्टंट झालो."

बाईंनी पेढा तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. "कागद दाखव."

त्यांनी डोक्यावरचा चष्मा शोधला. मी तो त्यांच्या डोक्यावरून काढून दिला. त्यांनी दोन्ही कागद वाचले, परत वाचले.

"सही केलीस?"

"अजून नाही. उद्या सकाळी, चांगला वार आहे म्हणून..."

"अरे गाढवा, स्वतःची नोकरी गेल्याचे पेढे वाटणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला! तू राजीनामा देतोयस. चार वर्षांची नोकरी पुसली. ग्रॅच्युइटी नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. आणि कामगार राहिला नाहीस तर कामगार विमा कुणाचा?" त्यांनी आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिच्या ऑपरेशनचं काय?"

आई स्टुलावर बसून लसूण सोलत होती. तिचे हात थांबले.

मी म्हणालो, "पण बाई, शेठनी मला नोकरी दिली. त्यांच्या कागदाबद्दल वकिलाला विचारायचं म्हणजे..."

"म्हणजे काय? कृतघ्नपणा? त्यांनी नोकरी दिली, तू काम दिलंस. उपकार आणि पगार एका डब्यात भरू नकोस, दोन्ही नासतात. विचारणं म्हणजे भांडण नव्हे."

मग बाईंनी मला एकच वाक्य शिकवलं: 'शेठ, हा कागद मला वकिलांना दाखवायचा आहे. तोवर मी सही करणार नाही.' वाक्य सोपं होतं. मला ते म्हणता येईना.

"आपण तालीम करू," बाई म्हणाल्या. "मी शेठ. तुझे शेठ बोलतात कसे?"

"गोड. बेटा म्हणतात."

"अरे बाप रे. मग अवघड आहे." त्या खुर्चीत मागे रेलल्या, पोटावर हात ठेवले आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "आओ बेटा. सही केली ना?"

"सॉरी शेठ, तुमचे माझ्यावर खूप उपकार आहेत, पण..."

"'पण'च्या आधीच तुझी नोकरी गेली. एका सॉरीला एक वाटी वाल. सोल."

आई हसू लागली. हसताना तिला धाप लागली, तरी ती हसतच राहिली. "आरं, पंधरा ऑगस्टला शाळंत भाषण करीत व्हतास की! तवा कुठं सॉरी म्हणत व्हतास?"

त्या आठवड्यात मी इतके वाल सोलले की मजल्यावरच्या प्रत्येक घरी बिरडं गेलं. आणि एका संध्याकाळी ते वाक्य माझ्या तोंडून एकदाही न अडखळता बाहेर पडलं. बाईंनी टेबलावर थाप मारली. "झकास! उद्या जा."

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये गेलो. शेठ होते, सूटवाला होता. काचेपलीकडे लेथ चालू होते.

"आओ बेटा," शेठ म्हणाले. "तू एकटा राहिलास रे. बाकी सगळ्यांनी सही केली."

"शेठ, हा कागद मला वकिलांना दाखवायचा आहे. तोवर मी सही करणार नाही."

सूटवाला हसला. "अरे, स्टँडर्ड फॉरमॅट आहे हे. किती कंपन्यांनी केलंय. यात वकील कशाला?"

शेठचा चेहरा उतरला. "माझ्यावर विश्वास नाही, बेटा?"

"आहे, शेठ. म्हणून तर म्हणतो, तुम्हीही एकदा दाखवून घ्या. मी कन्सल्टंट झालो तर सकाळी घंटेला यायचं का?"

"यायचं," सूटवाला म्हणाला.

"मशीन कुणाची?"

"कंपनीची. टेन्शन घेऊ नकोस. सगळं आहे तसंच राहणार, काहीच बदलणार नाही."

"काहीच बदलणार नसेल, तर मग हा कागद कशाला?"

हा प्रश्न बाईंनी शिकवलेला नव्हता. तो माझा होता. तोंडातून निघून गेल्यावर माझंच मला नवल वाटलं. शेठनी मान वळवून सूटवाल्याकडे पाहिलं. सूटवाल्याने मोबाइल काढला.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. सर्वांत आधी सही केलेले आमचे मालवणी फिटर काका जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणायचे, "काय रे झिला, कोर्टात जातलंस? शेठ गाळो बंद करून गावाक गेलो तर आमी काय तुझ्या वकिलीणीकडे वाल सोलूचे?" सगळे हसत. घरी आई म्हणू लागली, "सही करून टाक बाबा. माझं काय, मी गावाकडं जाते." महिनाअखेर जवळ येत होती. बाई मात्र शांत होत्या. सही केली नाही म्हणून काढलंच, तर पुढचा कागद आपण लिहू, एवढंच म्हणत.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात शेठ उभे होते. मला पाहून चपापले. मग बाईंना म्हणाले, "मॅडम, वसाहतीत तुमचं नाव ऐकलंय. या पोराने विचारलं, काही बदलणार नसेल तर कागद कशाला. त्या माणसाला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून माझी झोप उडालीय. मला सल्ला पाहिजे."

"देणार नाही," बाई म्हणाल्या.

"फी देतो ना."

"फीचा प्रश्न नाही. तुमच्यासमोरचा माणूस माझा अशील आहे. एका भांडणात मी दोन्हीकडून जेवत नाही. तुम्ही स्वतःचा वकील करा. थांबा, नावं देते." त्यांनी दोन नावं सांगितली. "पहिला फार बोलतो. दुसरा गेली काही वर्षं माझ्याशी बोलत नाही. मला दोनदा हरवलंय त्याने. त्याच्याकडे जा."

शेठनी विचारलं, "स्वतःविरुद्ध चांगला वकील सुचवताय?"

"समोर वाईट वकील असला की माझ्या अशिलाचं नुकसान होतं. तो भांडण मिटूच देत नाही. जा, आणि उद्याच जा. अजून तुमचं काही बिघडलेलं नाही."

दोन-तीन दिवसांनी शेठनी लेथ बंद करायला सांगितले. एवढ्या शांततेत तो गाळा मी कधी पाहिला नव्हता. सूटवाला कुठे दिसत नव्हता. शेठ एका खोक्यावर उभे राहिले.

"मी वकिलाला विचारून आलो," ते म्हणाले. "तो म्हणाला, नाव काहीही ठेवा. घंटा तुमची, मशीन तुमची, हुकूम तुमचा, म्हणजे माणूस तुमच्याच नोकरीत. उद्या कुणाचा हात मशीनमध्ये गेला असता आणि त्याचा विमा नसता, तर तोही बुडाला असता आणि मीही. मी चार पैसे वाचवायला गेलो आणि कारखाना घालवत होतो. तुमचे राजीनामे मी स्वीकारलेलेच नाहीत. हे घ्या परत. ऑर्डरी कमी आहेत, हे खरं आहे. काही महिने ओव्हरटाइम मिळणार नाही. हे तोंडावर सांगतो, कागदात लपवत नाही."

मग फिटर काकांनी हातातला पाना लेथच्या पत्र्यावर आपटला. ठण्ण! मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. शेजारच्या गाळ्यातली माणसं पळत बघायला आली. काकांनी माझी मान बगलेत धरली आणि ओरडले, "मेल्या, माका वाटला तू आमची वाट लावतलंस! तू तर आमका तारलंस रे!" त्यांचे डोळे भरले होते. शेठ खोक्यावरून उतरले आणि हस्तांदोलनासाठी त्यांनी माझ्यापुढे हात केला. 'बेटा' म्हणाले नाहीत. माझं पूर्ण नाव घेऊन "थँक यू" म्हणाले.

ठरलेल्या तारखेला, त्याच विम्याच्या कार्डावर, आईचं ऑपरेशन झालं. संमतिपत्र आलं तेव्हा बाई खुर्ची ओढून बसल्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या माझ्या आईला त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. नर्स घाई करत होती. बाईंनी तिलाही बसायला सांगितलं. शेवटी "काही विचारायचंय?" असं बाईंनी म्हटल्यावर आई सर्जनकडे वळून म्हणाली, "डाक्टर, तुम्ही सकाळपासनं काही खाल्लं का?" डॉक्टर हसले आणि म्हणाले की, हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "बरोबर प्रश्न आहे," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "उत्तर द्या."

ऑपरेशनला काही महिने झाल्यावर आईसाठी आम्ही कल्याणला तळमजल्यावरची जागा घेतली. खोली सोडताना मी बाईंना वाकून नमस्कार केला आणि आभार मानू लागलो. त्यांनी हात वर केला. "तोंडी आभार मी घेत नाही. उद्या तू नाकबूल झालास तर? लेखी दे. पोस्टाने पाठव."

पोस्टात टाकण्यापूर्वी त्या पत्राची नक्कल मी ठेवली. ते असं आहे:

आदरणीय बाईंस,

सा. न. वि. वि.

आपण सांगितल्याप्रमाणे आभार लेखी देत आहे. मला ऐकीव गोष्टी सांगायच्या नाहीत, म्हणून जे घडलं तेवढंच लिहितो.

मला तपासणी विभागाचा प्रमुख केलं आहे. नेमणूकपत्र वाचलं, तीन शंका काढल्या. दोन शेठनी मान्य केल्या. तिसरी माझीच चूक होती. फिटर काका निवृत्त झाले आणि त्यांची ग्रॅच्युइटी त्यांना पूर्ण मिळाली. त्या दिवशी काका शेठबरोबर फोटो काढून घेत होते आणि दोघेही रडत होते.

मी शाळेत शिकलो, कॉलेजात शिकलो, पण मोठ्या माणसासमोर ताठ उभं राहून प्रश्न विचारता येतो आणि तरीही त्याच्याबद्दलचा आदर कमी होत नाही, हे मला आपण शिकवलंत. आमच्या घराण्यात हे कुणाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

आईची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, झडप उत्तम चालली आहे. ती रोज सकाळी बाजारात जाते आणि पिशवी स्वतः उचलून आणते. येत्या रविवारी तिला घेऊन आपल्याकडे येत आहे. ती लिफ्टने येणार नाही. तिन्ही मजले जिन्याने चढायचे आणि कुठेही बसायचं नाही, असं तिने ठरवलं आहे.

एक विनंती आहे. आमची चाहूल लागली तरी दार लगेच उघडू नये. तिला वर पोचल्यावर दारात थोडा वेळ, भिंत न धरता, नुसतं उभं राहायचं आहे.

आपला,
आपल्या मागच्या खोलीतला भाडेकरू